आकडा 49 वरून हललाच नाही: गिटारच्या ‘नमी किट’मध्ये माझी झालेली फसवणूक

इंदूरमध्ये किंवा आसपास ज्यांच्या घरी सॉलिड टॉपची, म्हणजे वरची फळी अखंड लाकडाची असलेली, गिटार आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. चार सपाट पांढरी पाकिटं, हवेतला ओलावा मोजणारा एक छोटा गोल डिजिटल मीटर आणि केसच्या झाकणाला आतून चिकटवायचा चंदेरी कागद, असं ‘नमी सुरक्षा किट’ कोणी विकत असेल तर त्याला एक रुपया देऊ नका. माझे 10,950 रुपये गेले. 48,000 च्या गिटारला ब्रिजपासून, म्हणजे तारा अडकवतात त्या पट्टीपासून, खालच्या कडेपर्यंत चीर पडली. दुरुस्तीचे 6,500 वेगळे.

मी गिटार शिकवतो, सुदामा नगरात घरीच क्लास आहे. त्यामुळे ज्याला सांगावं तो आधी म्हणतो, “सर, तुम्हीसुद्धा?” हे ऐकताना मान खाली जाते. पण मला लाकडातलं कळत नाही म्हणून मी फसलो असं कोणी समजू नये. आपल्याकडचा उन्हाळा किती कोरडा असतो हे ठाऊक होतं म्हणूनच मी ते किट घेतलं. ज्याला वाद्याची पर्वा नाही तो अशा स्टॉलपुढे थांबतही नाही. ही माणसं पर्वा असणाऱ्यालाच गाठतात.

गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. इथे एप्रिल-मेच्या दुपारी ती विशीच्या खाली येते. वरची स्प्रूसची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड, ती सुकली की रुंदीत आकसते. आतून आडव्यातिडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असल्यामुळे तिला आकसायला वाव मिळत नाही आणि ती रेषेरेषेने फाटते. म्हणून केसमध्ये दुहेरी काम करणारी पाकिटं ठेवतात: हवा कोरडी असेल तर ओलावा देणारी, जास्त झाला तर शोषणारी. खऱ्या पाकिटात मिठाचं घट्ट द्रावण असतं, हाताला ते लिबलिबीत लागतं. हे ज्ञान मला आधीपासून होतं. फक्त तसं पाकीट मी कधी हातात घेतलेलं नव्हतं.

मार्चमध्ये एका प्रदर्शनात हे किट विकणाऱ्याचा स्टॉल होता. दोन काचेच्या बरण्या, एकीत ओला कपडा, एक कोरडी. मीटर या बरणीतून त्या बरणीत ठेवला की आकडा सरसर बदलायचा. मी स्वतः ठेवून पाहिला. आणि माणूस मराठी बोलत होता, इंदूरमधल्या मराठी वस्तीचं नाव घेत होता. “सर, आम्ही पण रामबागचेच. तुम्हाला नाही नीट सांगणार तर कोणाला?” इंदूरच्या बाजारात दिवसभर हिंदी बोलून कंटाळलेल्या माणसाला आपली भाषा ऐकू आली की तो सैल पडतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. 5,950 रुपये यूपीआयने दिले. छापील बिल मिळालं, त्यावर जीएसटी नंबरही होता. दाखवायचा मीटर खरा आणि विकायचा खोटा, हे तिथे उभं राहून कुणाला कळलं असतं?

त्याने एक सूचना आवर्जून दिली होती: मीटर केसबाहेर काढू नका, सेन्सर बिघडतो. मी पाळली. केस उघडली की 49. गिटारला 49 हाच आकडा उत्तम, मग मन शांत.

आता ती दुपार. मे महिना, बाहेर 42 अंश, कूलरचा पंप बंद पडलेला. ओठ फुटत होते, लाकडी दाराच्या फळ्यांमध्ये फटी पडल्या होत्या. मीटर 49. माझ्या एका विद्यार्थिनीने तो गंमत म्हणून बाहेर काढला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर नेऊन ठेवला. शेजारी कुकरची शिट्टी होत होती, वाफ सगळीकडे. तरी 49. ती म्हणाली, “सर, हा बदलत का नाही?” आणि मी उत्तर दिलं, “केसमधला आकडा तो थोडा वेळ धरून ठेवतो.” हे वाक्य माझं नव्हतं. त्या माणसाने स्टॉलवर, मी विचारण्याआधीच, माझ्या तोंडात घालून ठेवलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीला जे दिसलं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी तिला गप्प केलं. त्या रात्री मीटर उघडून पाहिला असता तर गिटार वाचली असती. रोज हाच विचार डोक्यात फिरतो.

खुणा आणखीही होत्या. फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं मानेच्या कडेला बोटांना टोचायला लागली होती. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली आली होती, तारा फ्रेटला लागून खरखरत होत्या. हे सगळं सुकण्याचंच लक्षण. विद्यार्थ्याची गिटार असती तर मी एका मिनिटात सांगितलं असतं. पण समोर आकडा 49 दिसत असताना माणूस सुकण्याचा संशय घेईल कसा? मी तारा बदलल्या, ट्रस रॉड (मानेतली सळई) फिरवला. उलट किट विकणाऱ्याचा फोन आला की पाकिटं कडक झाली असतील तर ‘रिफिल’ घ्या, 1,800. खरी पाकिटं संपली की कडक होतात, म्हणून मला ते पटलं. पाठवले.

चीर दिसली त्या दिवशी फोन केला, तर म्हणाला वॉरंटी आहे, ‘क्लेम प्रोसेसिंग’चे 3,200 भरा, गिटार दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल. भरले. त्यानंतर नंबर बंद.

पाकीट कापलं ते दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने. आत पारदर्शक पांढरे मणी. बुटांच्या डब्यात पुडी येते तेच, सिलिका जेल. पाण्यात टाकले तर तडतडून फुटले. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, बंद केसमध्ये, मी माझ्या गिटारशेजारी चार-चार ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या होत्या. नुसती उघडी ठेवली असती तरी इतकी सुकली नसती! मीटरमध्ये सेन्सरच नव्हता, एक सेल आणि कायमचा 49 दाखवणारा पडदा. कारागिराने आधी गिटारला कितीतरी दिवस हळूहळू ओलावा दिला, चीर मिटत आल्यावर सरस भरला आणि आतून लाकडाचे छोटे तुकडे चिकटवले. लगेच चिकटवून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. सुकलेल्या अवस्थेत चिकटवलेलं लाकूड पावसाळ्यात फुगलं की तिथे पुन्हा ताण येतो.

सगळ्यात लाजिरवाणं हे की दोन पालकांनी माझ्या शब्दावर तेच किट घेतलं होतं. त्यांचे प्रत्येकी 5,950, म्हणजे 11,900, मी माझ्या खिशातून परत केले. एका मुलाने तरीही क्लास सोडला.

आणि मग तक्रार. ठाण्यातले साहेब म्हणाले, “चीज़ तो मिली ना आपको? फिर ठगी कैसी?” मी पाकीट कापून दाखवलं. “गिटार चोरी हुई है क्या?” नाही. “तो फिर कन्ज़्यूमर का मामला है।” मी म्हटलं तोतया माल, खोटं बिल, खोटी वॉरंटी, बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) फसवणुकीचं कलम 318 याच्यासाठीच आहे ना? तेव्हा साधा अर्ज घेतला, पोच द्यायलाही खळखळ केली. सायबरवाल्यांचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी कोणी चोरला नाही. बँक म्हणते एफआयआर आणा. ठाणं म्हणतं आधी बँकेकडून खातेदाराचं नाव आणा. बँक म्हणते नाव पोलिसांनाच देऊ. प्रदर्शनवाले म्हणतात आम्ही फक्त जागा भाड्याने देतो, नोंदवहीतला पत्ता दाखवू शकत नाही. प्रत्येक खिडकीवर माझ्याकडे असं बघितलं जातं की खेळणं मोडलं म्हणून रडत आलेला पोर आहे. दोन लाखांची म्हैस मेली असती तर पंचनामा झाला असता. वाद्यावर ज्याचं पोट चालतं त्याचं वाद्य मेलं तर त्याची गंमत वाटते यांना. आणि ज्याला पकडायला एक फोन नंबर, एक यूपीआय आणि एक स्टॉलचा करार पुरेसा आहे, तो बहुतेक पुढच्या शहरात बरण्या मांडून बसला असेल.

बिलावरचा नंबर तरी बघा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: मध्य प्रदेशाचा 23. माझ्या बिलावर पत्ता इंदूरचा आणि नंबर 24 ने सुरू, म्हणजे गुजरात. जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही नंबर टाकून बघता येतो, लॉगिन लागत नाही. माझ्या बिलावरचा तिथे सापडलाच नाही. हे पैसे देण्याआधी, स्टॉलवर उभं राहूनच करा.

मीटर कोणाचाही असो, घरी आणला की बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओलसर होईल इतकंच पाणी घाला, मीटरसह घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 च्या आसपास दिसलं पाहिजे. दोन-चार टक्के इकडेतिकडे चालतं, ढिम्म न हलणं चालत नाही. पाकीट दाबून बघा. आत दाणे खुळखुळले तर ते ओलावा देणारं नाही, पिणारं आहे. पैसे घालवायचे नसतील तर साबणाच्या डबीला भोकं पाडून आत घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि केस बंद करा, दर दोन-तीन दिवसांनी ओला करा. थेंब गळता कामा नये. गिटार प्लायची असेल तर ती सहसा चिरत नाही, कोणी घाबरवून काही विकत असेल तर ऐकू नका. आणि उन्हातल्या बंद गाडीत गिटार कधीही नाही. तिथे कोणतंच पाकीट उपयोगाचं नाही, ब्रिजचा सरसच सैल पडतो.

मी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलं आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पोलिसांकडेही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने लेखी अर्ज पोस्टाने पाठवला, पावती जपून ठेवली. ज्यांनी हेच किट घेतलं असेल त्यांनी पाकिटं आजच केसमधून काढा, पण फेकू नका. मीटर, बिल, यूपीआयची पावती, सगळं एका पिशवीत ठेवा. एकट्याचा अर्ज ते बाजूला सारतात, सहा-सात जण मिळून गेलो तर नोंदवून घ्यावाच लागेल.