चारशे रुपयांची खवणी आणि तीस रुपयांचे रबर

गोव्यातील म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मासळी, चोरिस (डुकराच्या मांसाचे सॉसेज), केळी आणि मिरच्यांसाठी ओळखला जात असला, तरी काटकसरीने स्वयंपाक करणाऱ्या घराला त्याच बाजारातील आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतील भांड्यांची दुकाने अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत आहे. या दुकानांतून वेळोवेळी घेतलेल्या आणि त्यांच्याशी ताडून पाहण्यासाठी ऑनलाइन मागवलेल्या लहानसहान उपकरणांचा हा आढावा आहे. वस्तूचा जो भाग सर्वांत आधी झिजणार किंवा तुटणार, तो भाग जवळपासच्या दुकानात सुटा मिळतो का, ही मी लावलेली मुख्य कसोटी आहे. छापील किंमत, वॅट आणि सवलत यांचा विचार मी त्यानंतर करतो.

गोव्यात हुमण (माशांचे कालवण) करायचे असो, आळसांद्याचे तोणाक (वाटण घातलेली कडधान्याची उसळ) असो वा खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण), आधी नारळ खवावा लागतो, त्यामुळे खवणीपासूनच सुरुवात करणे योग्य होईल. बाजारात तिचे तीन प्रकार दिसतात. पाटावर बसून वापरायची आदोळी, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची खवणी आणि ओट्याला रबराने चिकटणारी, दांडा फिरवून चालवायची खवणी. तिसरा प्रकार साधारण चारशे रुपयांना मिळतो आणि ज्यांना गुडघ्यांमुळे खाली बसणे जमत नाही, त्यांच्यासाठी तो सोयीचा आहे. मात्र घेण्यापूर्वी आपला ओटा कसा आहे, ते पाहावे. गुळगुळीत ग्रॅनाइटवर किंवा चकचकीत लादीवर ही खवणी घट्ट बसते. खडबडीत कडाप्प्यावर किंवा लादीच्या सांध्यावर ठेवली, तर तळाच्या रबरात हवा शिरते आणि जोर लावताच ती जागची सुटते. रबर व ओटा दोन्ही पुसून, रबराला पाण्याचा हात लावून मग खटका दाबला, तर पकड बरीच सुधारते.

या यंत्राचा आणखी एक दोष विक्रेता सहसा सांगत नाही. नारळ नेमका मधोमध फुटला, तर वाटी पात्यांवर नीट बसते. वेडावाकडा फुटला, तर एका बाजूचे खोबरे तसेच राहते. शिवाय पाती एकदम चारही बाजूंनी फिरत असल्यामुळे करवंटीजवळची तपकिरी साल कधी येऊ लागली, ते चटकन कळत नाही. भाजलेल्या मसाल्याच्या तोणाकात ते खपून जाते, परंतु पातोळ्यांचे चून (सारणाचे खोबरे) किंवा सोलकढीसाठीचा नारळाचा रस पांढराशुभ्र हवा असेल, तर आदोळीला पर्याय नाही, कारण तिथे हात कुठे थांबवायचा, हे आपल्या ताब्यात असते. आदोळीचे पाते साध्या लोखंडाचे असेल, तर पावसाळ्यात त्यावर एका रात्रीत गंज धरतो. धुतल्यावर कोरडे पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवले की काम भागते. तेच पाते मासळी कापायलाही उपयोगी पडते, हे वेगळे सांगायला नको.

मी फिरती खवणी ज्या दुकानातून घेतली, तिथे तिचे तळाचे रबर तीस रुपयांना सुटे मिळते. गल्ल्यामागे दोरीत ओवून टांगलेल्या रबरांच्या माळेतून दुकानदार योग्य माप बोटाने चाचपून काढून देतो. तशाच दिसणाऱ्या, पन्नास रुपयांनी स्वस्त असलेल्या एका ऑनलाइन खवणीचे रबर पहिल्याच पावसाळ्यात ताठ होऊन चिरले. विक्रेत्याकडे सुटे रबर नव्हते आणि म्हापशातील एकही रबर तिच्या तळाला बसले नाही. पात्यांना काहीही झालेले नसताना ती खवणी भंगारात गेली.

खवलेल्या खोबऱ्याचे वाटप (वाटण) करायचे म्हणजे मिक्सर आला, आणि या सर्व खरेदीत सर्वाधिक विचार करण्याजोगी वस्तू तीच आहे. ५०० वॅटचा मिक्सर ७५० वॅटच्या मिक्सरपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि दोन माणसांच्या घराला तो पुरेल, असे दुकानात आवर्जून सांगितले जाते. चटणी, ताक, फळांचा रस एवढ्यासाठी तो पुरतोही. परंतु खोबरे, भिजवलेली हरमलची मिरची, धणे, हळद आणि चिंच यांचे वाटप गंधासारखे बारीक व्हायला हवे असेल, तर लहान मोटर फार वेळ चालवावी लागते, ती तापते आणि खोबऱ्याला तेल सुटू लागते. ७५० वॅट म्हणजे विजेचे बिल वाढणार, ही भीती निराधार आहे. असा मिक्सर रोज दहा मिनिटे पूर्ण भाराने चालवला, तरी महिन्याला चार युनिटांहून कमी वीज लागते. म्हणून मिक्सरवर थोडे जास्त पैसे घालावेत आणि ते चॉपर, ज्यूसर, एग बीटर अशा किरकोळ वस्तू न घेता वाचवावेत.

आपल्याकडच्या मिक्सरचा इतिहासही हेच सांगतो. परदेशी बनावटीची यंत्रे भारतीय वाटणापुढे टिकत नव्हती, तेव्हा १९६०च्या दशकात सत्यप्रकाश माथूर यांनी ‘सुमीत’ हा मिक्सर तयार केला, आणि ओल्या-सुक्या वाटणाला तोंड देणारी मोटर ही भारतीय मिक्सरची पहिली अट ठरली. आजही मिक्सर निवडताना भांड्यांची संख्या मोजण्याऐवजी मधले, साधारण एक लिटरचे भांडे हातात घेऊन पाहावे. पाते भांड्याच्या तळापासून फार वर असेल, तर एका नारळाचे वाटप बाजूंनाच फेकले जाते आणि दर अर्ध्या मिनिटाला झाकण उघडून चमच्याने खाली ओढावे लागते.

मिक्सरमध्ये आधी जातो तो कपलर, म्हणजे भांडे आणि मोटर यांना जोडणारी दातेरी चकती. अनेक मिक्सरांत ती प्लास्टिकची किंवा रबराची असते, आणि भांडे अडकले, तर मोटर जळण्यापूर्वी तिचे दात जातात, ही खरे तर सोय आहे. प्रचलित कंपन्यांचे कपलर, झाकणाची रबरे आणि पात्याचे बुश म्हापसा, फोंडा, मडगाव या तिन्ही ठिकाणी दुरुस्तीच्या दुकानांत शंभर रुपयांच्या आत मिळतात. नाव न ऐकलेल्या कंपनीचा मिक्सर हजार रुपयांनी स्वस्त मिळत असला, तरी त्याचा कपलर कुठे मिळतो, हे विचारल्यावर दुकानदार विषय बदलत असेल, तर आपणही दुकान बदलावे. जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. वाटप करताना मिक्सर अचानक बंद पडला, तर दुरुस्तीला नेण्याआधी तो उलटा करून तळाशी असलेले लहान, बहुधा लाल, बटण पाहावे. अतिभाराने ते बाहेर येते. यंत्र निवू दिल्यावर ते आत दाबले की मिक्सर पुन्हा चालू होतो. या एका बटणावर कित्येक घरांतून दुरुस्तीचा आकार विनाकारण दिला जातो.

प्रेशर कुकरच्या बाबतीत स्वस्ताईचा मोह धरू नये. घरगुती कुकरला आयएस २३४७ हे मानक लागू असून २०२१च्या फेब्रुवारीपासून आयएसआय चिन्हाशिवाय तो विकता येत नाही. चिन्हाखाली सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर दुकानातच तपासता येतो. फेरीतल्या (जत्रेच्या बाजारातल्या) किंवा रस्त्यावरच्या ढिगात चिन्ह नसलेला कुकर दिसला, तर तो तिथेच ठेवावा. मोठ्या कंपन्यांची गास्केटे गावोगाव मिळतात, मात्र आतून बसणाऱ्या आणि बाहेरून बसणाऱ्या झाकणांची गास्केटे वेगळी असल्यामुळे जुने गास्केट सोबत नेणे बरे.

इतर वस्तूंचा निकाल थोडक्यात देता येईल. दोरी ओढून चालणारा चॉपर कांदा बरा चिरतो, ओले खोबरे मुळीच नाही, आणि दोरीची स्प्रिंग गेली की तो टाकूनच द्यावा लागतो. तीस-चाळीस रुपयांचे स्टीलचे सोलणे प्लास्टिकच्या दांड्याच्या महागड्या सोलण्यापेक्षा अधिक टिकाऊ आहे. डिजिटल काटा मात्र घेण्यासारखा आहे. साधारण तीनशे रुपयांत तो मिळतो आणि बाजारातून आणलेल्या वजनाची घरी खातरजमा करता येते. दुकानातच त्यावर मिठाची एक किलोची न फोडलेली पिशवी ठेवून पाहावी. पिशवीचे वजन धरून आकडा हजाराच्या किंचित वर आला पाहिजे, आणि तीच पिशवी तबकाच्या कोपऱ्यावर सरकवल्यावर आकडा फारसा बदलता कामा नये. इंडक्शनवर चालणारे भांडे हवे असेल, तर खिशात चुंबक न्यावे. तळाला ते चिकटले नाही, तर खोक्यावर काहीही छापलेले असो, भांडे इंडक्शनवर तापणार नाही.

ज्या दोन वस्तूंना सुटे भागच नाहीत, त्या या बाजारात सर्वांत स्वस्त आहेत. मातीची कुंडली (स्वयंपाकाचे भांडे) आणि करवंटीचा दोवलो (डाव). कुंडली बोटाच्या पेराने वाजवून घ्यावी. बद्द आवाज आला, तर तिला बारीक तडा आहे. घरी आणल्यावर ती रात्रभर पाण्यात ठेवून, मग तांदळाची पेज तिच्यात मंद आचेवर उकळावी, म्हणजे पुढे रस पाझरत नाही. भर पावसात ती नीट सुकत नाही आणि बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर मी ती माळ्यावर ठेवतो. दोवलो तर नॉनस्टिक भांड्यांसाठीच घडवला असावा, इतका त्यांना मानवतो, कारण त्याने थर खरवडला जात नाही.

किमतींबद्दल एक सूचना करावीशी वाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वयंपाकाच्या भांड्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, मिक्सरसारख्या उपकरणांवर तो १८ टक्केच आहे. काही दुकानांत जुन्या मालावर अजूनही जुनी कमाल किंमत चिकटवलेली दिसते, त्यामुळे भांडी घेताना पक्के बिल मागावे आणि त्यावरील कराची ओळ वाचावी. म्हापशातील मिलाग्रीस सायबिणीच्या (मदर मेरीच्या) फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, फेरीत भांडी, पाट आणि फर्निचर स्वस्त मिळते हे खरे, पण फेरी उठल्यावर विक्रेता सापडत नाही, म्हणून तिथून मी कढई, पोळपाट, झारा एवढेच घेतो, विजेवर चालणारे काहीही नाही.

दुकानदारांच्या वागण्याबद्दल तक्रार करण्याजोगे फारसे काही नाही. भाव थोडाफार कमी होतो, बिघडलेला भाग दाखवला की तो बघून ‘हे आमच्याकडे नाही, पलीकडच्याकडे मिळेल’ असे सरळ सांगण्याइतका मोकळेपणाही आहे. गैरसोय आहे ती गर्दीची. शुक्रवारी सकाळी दहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि दुकानात मिक्सर प्लगला लावून दाखवायला कोणाला सवड नसते. कुंडली, दोवलो आणि आदोळी यांसाठी शुक्रवार गाठावा. मिक्सर, कुकर आणि काटा मंगळवारी किंवा बुधवारी घ्यावा, आणि मिक्सर घ्यायला जाताना वाटीभर खवलेले खोबरे डब्यातून बरोबर न्यायला संकोच करू नये. मी नेले तेव्हा दुकानदाराने स्वतःच पाणी आणून दिले.