टर्म इन्शुरन्स आणि क्रिटिकल इलनेस रायडर : १४ वर्षं हप्ते भरून, एकदा क्लेम करून मग लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. थोडाफार राग कंपनीवर आहेच पण खरा राग आमच्या स्वतःवर आहे, आणि हा रिव्ह्यू त्या प्रॉडक्टचा जेवढा आहे तेवढाच आम्ही निवडलेल्या आकड्याचा पण आहे. स्टार द्यायचेच तर प्रॉडक्टला साडेतीन, क्लेम डिपार्टमेंटला दोन, आणि आमच्या रकमेला एक, तो पण दया म्हणून.

तर झालं असं. नवऱ्याने १४ वर्षांपूर्वी टर्म पॉलिसी घेतली, म्हणजे माणूस गेला तरच पैसे, नाहीतर काही परत मिळत नाही वाली. रक्कम त्या वेळच्या वार्षिक पगाराच्या पाचपट. त्यावर क्रिटिकल इलनेसचा रायडर, म्हणजे मोठ्या आजारासाठी पॉलिसीला जोडलेलं कव्हर, एका वर्षाच्या पगाराएवढा. शिवाय ऑफिसचं ग्रुप कव्हर होतं पगाराच्या तिप्पट, आणि हॉस्पिटलच्या बिलासाठी मेडिक्लेम वेगळा. कोणी विचारलं की आम्ही ऐटीत सांगायचो, आमचं इन्शुरन्सचं सगळं झालेलं आहे. झालेलं आहे म्हणजे काय तर फाईल कपाटात आहे आणि हप्ता खात्यातून आपोआप जातोय.

मागच्या वर्षी त्याला हार्ट अटॅक आला. वय ४७. स्टेंट टाकला, वाचला, पण हार्टचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं होतं (चांगल्या हार्टचं ५५ च्या पुढे असतं). त्याचं काम मशीन शॉपमधलं, शिफ्टचं, दिवसभर पायावर. डॉक्टरांनी नाईट शिफ्ट, जिने, वजन उचलणं सगळं बंद केलं. नऊ महिने घरी होता. त्यातले पहिले तीन भरपगारी रजेत निघाले, पुढचे सहा बिनपगारी.

हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेमने भरलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की बिल भरलं जाणं आणि घर चालणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेडिक्लेम हॉस्पिटलला पैसे देतो. घराचा हप्ता, पोरांची फी, वीज, औषधं, माझी बुडालेली कामं (मी घरून पार्ट टाइम अकाउंट्स बघते, दोन महिने एक पैसा कमावला नाही कारण माणूस एकटा सोडता येत नव्हता) ह्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ह्यासाठीच तो रायडर असतो. आजार यादीत बसला की एकरकमी पैसे तुमच्या हातात, बिलं दाखवायची नाहीत, कशाला वापरले कोणी विचारत नाही.

गंमत म्हणजे हे प्रॉडक्ट काढायची कल्पना एका हार्ट सर्जनची. दक्षिण आफ्रिकेतले डॉ. मारियस बर्नार्ड, १९६७ मधे केपटाऊनला जगातलं पहिलं मानवी हार्ट ट्रान्सप्लांट करणाऱ्या क्रिस्टियान बर्नार्डचे भाऊ, स्वतः पण त्या टीममधे होते. त्यांना दिसत होतं की पेशंट ऑपरेशननंतर बरा होऊन घरी जातो आणि मग पैशापायी मोडतो. १९८३ मधे त्यांनी एका इन्शुरन्स कंपनीला धरून ही पॉलिसी आणली, त्यात चारच गोष्टी होत्या: हार्ट अटॅक, कॅन्सर, स्ट्रोक आणि बायपास. आता कंपन्या तीस चाळीस आजारांची यादी छापतात आणि ज्याची यादी लांब तो भारी असं आपल्याला वाटतं. मला नाही वाटत आता. जास्तीत जास्त क्लेम अजूनही कॅन्सर, हार्ट आणि स्ट्रोकचेच येतात, त्यामुळे यादीची लांबी बघण्यापेक्षा ह्या तिघांची व्याख्या काय लिहिलीय ते बघा.

आणि इथेच आमची गाडी अडली. पहिला क्लेम नाकारला. कारण लिहिलं होतं की अँजिओप्लास्टी पॉलिसीत कव्हर नाही. मी फोनवर ओरडले अहो अटॅक आलाय माणसाला. पण त्यांच्या बाजूने बघितलं तर डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात अँजिओप्लास्टी आणि स्टेंट एवढंच होतं, अटॅकचा उल्लेख खाली एका ओळीत, तो पण शॉर्टफॉर्ममधे. पॉलिसीच्या व्याख्येत हार्ट अटॅक म्हणजे छातीत दुखलं आणि स्टेंट पडला असं नसतं. हार्टचा स्नायू मेल्याचा पुरावा लागतो, म्हणजे त्या वेळचा ईसीजीमधला नवा बदल आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते प्रोटीन) वाढल्याचा रिपोर्ट. नुसतं ब्लॉकेज सापडलं आणि अटॅक येण्याआधीच स्टेंट टाकला तर बऱ्याच पॉलिसीत काहीच मिळत नाही, काहींत थोडी रक्कम मिळते. कॅन्सरचं पण तसंच, जागेवरच असलेला, आजूबाजूला न पसरलेला अगदी सुरुवातीचा कॅन्सर अनेकदा वगळलेला असतो. स्ट्रोकमधे कायमचं नुकसान राहिलं पाहिजे, चोवीस तासात बरा झालेला छोटा झटका धरत नाहीत. म्हणजे आपण डॉक्टरकडून ज्याला कॅन्सर किंवा अटॅक ऐकतो तो आणि पॉलिसीतला तो, हे सख्खे भाऊ नाहीत, चुलत म्हणा फार तर.

मग मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला तीन चकरा मारून ॲडमिट झाल्या रात्रीचा ईसीजी आणि दोन्ही ट्रोपोनिनचे रिपोर्ट काढले, डॉक्टरांकडून वेगळं पत्र घेतलं ज्यात अटॅक हा शब्द ठळक लिहून घेतला, आणि परत पाठवलं. ह्या वेळी पास झालं. पण ह्या सगळ्यात अकरा आठवडे गेले. त्यामुळे कोणाला कधी वेळ आलीच (न येवो) तर पहिल्या रात्रीचे कागद फोनमधे फोटो काढून ठेवा, तिथल्या गडबडीत सुचणार नाही, मला पण सुचलं नव्हतं.

अजून एक कलम मला क्लेमच्या वेळीच कळलं, सर्व्हायव्हल पिरियड. निदान झाल्यावर ठरलेले दिवस माणूस जिवंत राहिला तरच आजाराचे पैसे. आमच्यात ३० दिवस होते, काहींत १४ असतात. आयसीयूच्या बाहेर बसून हे वाचलं असतं तर पॉलिसी फाडली असती. पण विचार केला तर लॉजिक आहे, हे पैसे जगणाऱ्यासाठी आहेत, गेलेल्यासाठी टर्मची रक्कम आहे. फक्त ज्यांच्याकडे नुसतीच आजाराची पॉलिसी आहे आणि टर्म नाही त्यांनी हे कलम दोनदा वाचावं. शिवाय पॉलिसी घेतल्या घेतल्या बहुतेक ठिकाणी ९० दिवस थांबावं लागतं, त्या आधी आजार निघाला तर नाही.

क्लेम डिपार्टमेंटला दोन स्टार दिले त्यातला एक ह्या गोष्टीसाठी की त्यांनी १४ वर्षांपूर्वीचा फॉर्म काढला, त्यात बीपीची गोळी लिहिलेली बघितली, आणि तो विषय तिथेच संपला. ह्याच्यामागे किस्सा आहे. तेव्हा एजंट म्हणाला होता, वहिनी एवढं तेवढं लिहायचं नसतं, साधी गोळी तर आहे, उगाच हप्ता वाढेल. मी पण त्याच्याच बाजूने होते, खोटं कशाला बोलू. नवरा अडून बसला की मी घेतो तर घेतो लिहिणार. हप्ता वाढलाच, आणि मी पुढची दोन तीन वर्षं त्याला त्यावरून टोमणे मारले. आता बीपी आणि हार्ट अटॅकचा संबंध सांगायला डॉक्टर लागत नाही. ती गोळी लपवली असती आणि अटॅक पहिल्या काही वर्षांतच आला असता, तर कंपनीला नाकारायला ह्याहून सोपं कारण मिळालं नसतं. टोमणे मी परत घेतलेत, तोंडी.

आता पैशाचं. रायडरची रक्कम मिळाली, पूर्ण मिळाली, आणि ती किती होती? १४ वर्षांपूर्वीचा एका वर्षाचा पगार. मधल्या काळात पगार तिप्पट झाला, खर्च त्याच्याही पुढे पळाला. म्हणजे त्या वेळचं एक वर्ष आता चार महिन्यांत संपतं. बिनपगारी काळ सहा महिन्यांचा. शाळेत चक्रवाढ व्याज शिकवतात तेव्हा ७२ चा हिशोब सांगतात ना, ७२ ला टक्क्यांनी भागा म्हणजे किती वर्षांत दुप्पट होतं ते कळतं, तोच हिशोब महागाईला उलटा लागतो. सहा टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत तुमच्या पॉलिसीची किंमत अर्धी. कागदावर आकडा तोच दिसत राहतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मी अकाउंट्स बघते, दुसऱ्यांचे, माझ्या लक्षात नाही आलं.

आणि खरा धक्का पुढे होता. आमचा रायडर ॲक्सिलरेटेड प्रकारचा निघाला. म्हणजे आजाराचे पैसे टर्मच्या रकमेतूनच आगाऊ दिले जातात, वेगळे नसतात. पाचपट होतं त्यातलं एक गेलं, चारपट राहिलं, तेही १४ वर्षांपूर्वीच्या पगाराच्या. आजच्या पगारात सोळा महिने. घराचं कर्ज अजून नऊ वर्षं आहे. वेगळा, स्टँडअलोन रायडर पण तेव्हा मिळत होता, हप्त्यात फरक होता म्हणून आम्ही स्वस्तातला घेतला, फरक काय हे विचारलं पण नाही. कर्जासोबत कमी कमी होत जाणारं कव्हर बँकेने देऊ केलं होतं त्याला आम्ही हे तर पैसे उकळायचे धंदे म्हणून नाही म्हणालो. बँकेकडूनच घ्या असं आजही म्हणणार नाही, बाहेर स्वस्त मिळतं, पण कर्जाएवढं कव्हर कुठून तरी पाहिजेच होतं.

ग्रुप कव्हरचं सांगायचं राहिलं. नऊ महिन्यांनी जुनं काम झेपणार नाही हे नक्की झालं, त्याने दुसरीकडे कमी पगाराची टेबलाची नोकरी धरली. जुनी नोकरी सुटली त्या दिवशी ते तिप्पट कव्हर पण सुटलं, आणि नवीन ठिकाणी तसलं काही नाही. इतकी वर्षं आम्ही ते आपलं समजून बेरजेत धरत होतो. ते कंपनीचं होतं. माणूस धडधाकट असताना नोकरी बदलली तर एक वेळ चालतं, पण आजारामुळेच नोकरी जाते तेव्हा ज्या दिवशी गरज सगळ्यात जास्त त्याच दिवशी ते निघून जातं.

मग म्हणलं आता तरी वाढवून घेऊ. तीन ठिकाणी विचारलं. एकाने सरळ नाही म्हटलं. एकाने हप्ता सांगितला तो ऐकून नवऱ्याने स्वतःच बीपी तपासलं. तिसऱ्याने सांगितलं अटॅकनंतर ठरावीक काळ जाऊ द्या, मग नवीन इको (हार्टची सोनोग्राफी, त्यात पंपिंग कळतं) आणि रिपोर्ट घेऊन या, बघू. बरोबरच आहे त्यांचं, जळक्या घराचा विमा कोण उतरवणार.

आता कोणी विचारलं किती घ्यावं तर पगाराच्या दहापट वगैरे ठोकताळे मला पटत नाहीत, अविवाहित पोराला पण दहापट आणि दोन लहान मुलं, कर्ज, म्हातारे आईवडील असलेल्याला पण दहापट, असं कसं. मी वहीत असं मांडलं: सगळी कर्जं, अधिक सगळ्यात धाकटा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत जितकी वर्षं तितक्या वर्षांचा घरखर्च, वजा हाताशी असलेली शिल्लक (राहतं घर त्यात धरू नका, ते विकून खायचं नसतं). आजाराच्या कव्हरसाठी निदान दोन वर्षांचा खर्च, कारण कॅन्सरची ट्रीटमेंट आणि नंतरचा अशक्तपणा धरला तर वर्ष सहज जातं. आणि जिथे इन्कम प्रोटेक्शन मिळतं तिथे ते आधी बघा, त्यात आजाराच्या नावाची भानगड नाही, काम करता येत नाही एवढं पुरतं, दर महिन्याला पैसे येत राहतात. फक्त त्यात तुमचंच काम करता येत नाही असं लिहिलंय की कुठलंच काम करता येत नाही असं, ते बघा. दुसरं असेल तर आमच्या केसमधे टेबलाची नोकरी जमतेय ना मग कशाला पैसे, असं म्हणाले असते.

फाईल उघडलीच होती म्हणून नॉमिनी बघितलं. सासूबाईंचं नाव. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तो फॉर्म त्याच दिवशी भरला, ह्याला पैसे पण पडत नाहीत.

आणि माझं कव्हर? शून्य. मी कमावते थोडं म्हणून कोणाला सुचलंच नाही, मलाही नाही. मी पडले असते तर त्या नऊ महिन्यांत त्याला कोण बघणार होतं, पोरांचं कोण करणार होतं, आणि ते माणूस लावून करायला किती लागलं असतं ह्याचा हिशोब आता केला. माझा फॉर्म भरून झालाय, ह्या वेळी आजाराचा रायडर वेगळा, टर्मला हात न लावणारा. वडिलांची शुगर, मावशीचा कॅन्सर, माझं थायरॉईड, सगळं लिहिलंय. एजंट नवीन आहे, त्याने पण थायरॉईडशी येऊन पेन थांबवलं होतं. मी त्याच्या हातून पेन घेतलं.

नवऱ्याचा इको सप्टेंबरमधे आहे. मागच्यात पंपिंग ४२ टक्के आलं होतं. ४५ च्या वर गेलं तर परत अर्ज करणार आहोत.