पुण्यात आज काय आहे? ॲप, पेपर आणि बुकिंगची खिडकी : काही महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात रोज काही ना काही चालू असतं, असं इथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं. ते खरंही आहे. अडचण एवढीच की काय चालू होतं हे बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी कळतं. नोकरीमुळे वाकडला राहायला आल्यापासून, म्हणजे गेल्या पावसाळ्यापासून, ते आदल्या दिवशी कळावं म्हणून तिकिटांची दोन मोठी ॲप्स, रोजचा पेपर, व्हॉट्सॲप ग्रुप, इन्स्टाग्राम असं सगळं वापरून झालं. शेवटी नाट्यगृहाची खिडकीही.

सिनेमासाठी ॲपला तोड नाही, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त मराठी सिनेमाचं गणित वेगळं आहे. शुक्रवारी लागणाऱ्या छोट्या सिनेमाचे शो ॲपवर बुधवारी-गुरुवारी उघडतात, त्याआधी शोधून उपयोग नाही. आणि दुसऱ्या शुक्रवारची वाट बघायची नाही. तोवर तो सकाळी दहाच्या एका खेळावर येतो, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या रविवारी सिटी प्राइड कोथरूडला जाऊन यावं, तिथे मराठी सिनेमाला प्रेक्षक असतो आणि हसण्याच्या जागी थिएटर हसतं.

ॲपचं ‘शहरात काय कराल’ हे पान मात्र मी आता उघडत नाही. कुंभारकामाची कार्यशाळा, स्टँडअप, कॅफेतली सुफी नाइट आणि ‘तुमच्या जवळ’ म्हणून लोणावळ्याचं कॅम्पिंग! एकदा गाण्याचा कार्यक्रम रद्द झाल्याचा मेसेज मी रिक्षात बसल्यावर आला. तिकिटाचे पैसे आठवड्याने परत आले, सुविधा शुल्क गेलं ते गेलं. पण माझा खरा आक्षेप यावर नाही. ॲपवर जे तिकीट लावून विकलं जातं तेच दिसतं, आणि पुण्यातलं निम्मं चांगलं गाणं तिकीट न लावता होतं. ज्यात कमिशन नाही ते ॲपने का दाखवावं?

हे गाणं सापडतं पेपरच्या आतल्या पानावर, बारीक टाइपातल्या ‘आजचे कार्यक्रम’मध्ये. तो मजकूर वाचायला थोडा सराव लागतो. कुणाचा तरी स्मृतिदिन, एक पुरस्कार वितरण, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, आणि शेवटच्या ओळीत ‘त्यानंतर गायन’. घरमालकीण काकूंनी मला यातली मेख सांगितली: "अरे, साडेपाच लिहिलंय म्हणजे भाषणं साडेपाचला. तू पावणेसातला जा, चहा पिऊन." मी पावणेसातला गेलो आणि तानपुरे जुळवायलाच सुरुवात झाली होती. ‘प्रवेश विनामूल्य’च्या शेजारी ‘काही जागा राखीव’ असेल तर पुढच्या चार रांगा विसरायच्या. त्यातल्या निम्म्या शेवटपर्यंत रिकाम्या राहतात, तरी त्यावर बसायची हिंमत करू नये. स्वयंसेवक आजोबा लक्ष ठेवून असतात.

इथे संगीताच्या संस्थाही जुन्या आहेत. भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज १९११चा, विनायकबुवा पटवर्धनांचं गांधर्व महाविद्यालय १९३२चं. अशा ठिकाणच्या छोट्या मैफली ॲपवर शोधू नयेत. एका कार्यक्रमाला गेलात की दारात वहीवर नाव आणि नंबर लिहून या, पुढच्याचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर आपोआप येतं. मला मिळालेल्या निमंत्रणांतली सर्वांत चांगली अशाच वह्यांमुळे आली.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव याला अपवाद, तो सगळीकडे दिसतो. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, डिसेंबरात असतो, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. पहिल्यांदा जाणाऱ्याने खुर्चीच्या मागे न लागता भारतीय बैठकीचं तिकीट घ्यावं: स्वस्त पडतं, पाय पसरता येतात आणि शेजारचे लोक डब्यातला चिवडा पुढे करतात. शाल न्यावी. पूर्वी रात्रभर चालायचा, आता आवाजाच्या नियमांमुळे रात्री दहाला आवरतो, शनिवारी तेवढी बाराची सवलत असते.

आता नाटक. इथे मी ॲप सोडून पुन्हा खिडकीवर आलो. पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती गुरुवारपासून दाट होत जातात: ‘शनि. रात्रौ ९.३०, बालगंधर्व’, ‘रवि. दु. १२.३०, यशवंतराव’, आणि कोपऱ्यात ‘प्लॅन सुरू’. प्लॅन म्हणजे छापील आसनव्यवस्थेचा कागद. बालगंधर्वच्या खिडकीतले काका तो तुमच्याकडे फिरवतात, विकलेल्या चौकोनांवर पेनाने फुल्या असतात, तुम्ही बोट ठेवायचं. मी एका कडेच्या खुर्चीवर बोट ठेवलं तर म्हणाले, "ती नको. एक रांग मागे घ्या, मध्ये मिळेल." हे ॲप सांगत नाही. खिडकी सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास, दुपारी बंद. यावर पुण्याचे विनोद करून झाले असतील तर जाताना वेळ विचारून जावं. नोकरदारांना हे जमणं कठीण, त्यांच्यासाठी प्रशांत दामले यांच्या पुढाकाराने आलेलं ‘तिकिटालय’ बरं आहे. मुख्यतः नाटकांसाठी असल्याने त्यात लोणावळा येत नाही.

प्रायोगिक नाटक हवं असेल तर शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच, हिराबागेतलं श्रीराम लागू रंग-अवकाश, एरंडवण्यातलं ‘द बॉक्स’. यांची खबर पेपरात कमी आणि इन्स्टाग्रामवर जास्त, तीही दोन-तीन दिवस आधी. पेजला फॉलो करून नोटिफिकेशन चालू ठेवावं. इन्स्टाग्रामचा मला झालेला हा एकमेव उपयोग. बाणेर, कोरेगाव पार्कच्या बारमधले बँडही तिथेच कळतात, पण गिटारपेक्षा ग्लासांचा आवाज मोठा असतो. मी तिकडे फार रमलो नाही.

पुरुषोत्तम करंडक मला कुठल्याच ॲपने दाखवला नाही, कळला तो ऑफिसातल्या कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीकडून. १९६३पासून चालत आलेली आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर. पडदा उघडण्याआधी पोरं घसा फोडून ‘आव्वाज कुणाचा’ करतात, आणि घंटा झाली की तीच पोरं अशी गप्प होतात की खुर्ची करकरली तरी ऐकू यावी. एकांकिका बऱ्या-वाईट असतात, पण एका संध्याकाळी दोन-तीन बघायला मिळतात. तिकिटं लवकर संपतात, ओळखीचा विद्यार्थी गाठून ठेवावा.

जगभरचा सिनेमा बघायचा तर जानेवारीत पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. एकदा नोंदणी केली की तोच पास सगळ्या चित्रपटांना चालतो, पण जागा प्रथम येणाऱ्याला. गाजलेल्या सिनेमाला अर्धा तास आधी रांगेत लागावं, आणि रांगेत पुढचा-मागचा काय बघून आला ते विचारावं. छापील कॅटलॉगपेक्षा तो सल्ला भरवशाचा. वर्षभरासाठी लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ साली सुरू झालेलं. तिथले आणि आशय फिल्म क्लबचे खेळ मोठ्या पडद्यावर जुना सिनेमा बघायची इथली सर्वांत चांगली सोय. सभासद व्हा, मेल येत राहतात.

एक गोष्ट कुठलंच साधन सांगत नाही: परत कसं यायचं. वाकडहून बालगंधर्वला जाताना मेट्रो उपयोगी, छत्रपती संभाजी उद्यान स्टेशन जवळच आहे. पण साडेनऊचं नाटक सव्वाबाराला सुटतं, तेव्हा मेट्रो नसते आणि रिक्षावाले मीटरचं नाव काढू देत नाहीत. म्हणून आमच्या बाजूला राहणाऱ्यांनी आधी चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आणि पिंपळे गुरवचं निळू फुले नाट्यगृह बघावं. तीच नाटकं तिथेही लागतात, आणि पार्किंगसाठी बालगंधर्वसारख्या चार चकरा माराव्या लागत नाहीत.

तारे द्यायचेच तर: ॲप सिनेमासाठी चार, बाकी सगळ्यासाठी दोन. पेपरचं आतलं पान साडेचार, अर्धा कापला तो टाइपासाठी, चष्मा लावूनही वाचवत नाही. दारातल्या वहीला पाच. खिडकीतल्या काकांना तारे दिले तर ते म्हणतील, सुटे द्या.