हवेचा पंप आणि माझे रविवारचे तीन तास: आठ महिने वापरल्यानंतर

माझ्या मारुती जिप्सीबद्दल लिहीत नाही. चारही चाकांना पाट्यांचे स्प्रिंग असलेली ती जुनी पेट्रोल गाडी कशी चालते हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. बाकीच्यांनी एकदा मागे बसून पाहावं. लिहितोय ते डिसेंबरात घेतलेल्या 12 व्होल्टच्या हवेच्या पंपाबद्दल. किंमत 2,800 रुपये. कंपनीचं नाव देत नाही, कारण त्यांच्या माणसाशी मी फोनवर जे बोललो ते मास्तराला शोभणारं नव्हतं.

आधी घेतला कशाला ते. मी वर्धा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, शिवाय सात एकर वावर. गाडी मातीत घालायला मिळतो तो रविवार, सकाळी सहा ते नऊ. उन्हाळ्याची सुट्टी मोठी, आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पण ती सुट्टी 45 अंशांची. पावसाळ्यात चिखल झकास असतो तेव्हा शाळा आणि डवरणी (पिकात डवरा फिरवून तण काढणं) दोन्ही. हिवाळ्यात कापूस वेचणीला माणसं आणायची. म्हणजे वर्षभरात हातात तेच तीन तास.

गावाबाहेरच्या नाल्याच्या कोरड्या रेतीत जायचं तर टायरमधली 28 पीएसआयची हवा 18 वर आणावी लागते. टायर पसरतो, रेतीवर लांब टेकतो, रुतत नाही. पण तसंच डांबरीवर जोरात पळवलं तर टायरच्या कडा तापून खराब होतात. पंक्चरवाला 11 किलोमीटर, सगळं डांबरी, आणि रविवारी कधी उघडेल ते त्याच्या मनावर. एका चाकाचे 10, चार चाकांचे 40 रुपये. 2,800 भागिले 40, म्हणजे सत्तर वेळा हवा भरली की पैसे वसूल. जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर रेघा ओढायला लागलो.

फेब्रुवारीपर्यंत पंपावर खूश होतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावा, चाकाला सहा-सात मिनिटं. आवाज मळणी यंत्रासारखा, त्याचं काही नाही.

मग ऊन चढलं आणि त्या पंपाचा खरा स्वभाव कळला. दोन चाकं भरली की तापून बंद. वीस-पंचवीस मिनिटं हूं नाही की चूं नाही. पुन्हा एक चाक, पुन्हा बंद. एप्रिलच्या एका रविवारी मी 50 मिनिटं रेतीत गाडी चालवली आणि सव्वा तास बाभळीखाली बसून पंप निवण्याची वाट पाहिली. तीन तासांतला सव्वा तास! पंपावर ओलं फडकं टाकून पाहिलं, बोनेटच्या सावलीत ठेवून पाहिला. वडील एकदा सोबत होते. म्हणाले, "काऊन रे, गाडी चालवाले आला का हवा भराले?" पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलंय: 15 मिनिटं चालवा, 30 मिनिटं थांबवा. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत 'चारही टायर झटपट'.

मे महिन्यात सॉकेटमधला प्लगच वितळला. सर्व्हिसवाल्याचं म्हणणं, दोष तुमच्या गाडीच्या सॉकेटचा. तरी पाठवा, पाहू. कुरिअर माझ्या खर्चाने, 340 रुपये, आणि गेलेलं पार्सल परत कधी येईल याची खात्री नाही. मी म्हटलं, राहू द्या.

तालुक्याला मोटारी रिवाइंड करणारा एक जण आहे. त्याने पंप उघडलाही नाही. वायर हातात घेऊन हसला. "सर, हे वायर नाही, सुतळी आहे." एवढ्या बारीक वायरमधून पंपापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतच नव्हतं, मोटर रेंगाळायची, हवा भरायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ ती तापत राहायची. त्याने जाड वायर टाकली, मध्ये फ्यूज, टोकाला बॅटरीला थेट लावायचे चिमटे. 180 रुपये. वॉरंटी गेली. आता चाकाला चार मिनिटं लागतात आणि चारही चाकं एका दमात होतात. म्हणजे वर जो तापण्याचा राग काढला त्यातला अर्धा मागे घेतो: मोटर चांगली आहे, कंजुषी वायरीत केलीय. सत्तरचे मात्र पंच्याहत्तर झाले.

एक चूक माझीही लिहून ठेवतो. जुलैत वाटलं, रेतीत चालतं ते पांदणीतही, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या मातीच्या वाटेवरही, चालेल. हवा 16 वर आणली, फोर-एल (चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर) टाकला आणि घातली गाडी. काळी माती टायरच्या खाचांत अशी बसली की टायरची पोळी झाली. फिरतोय जागच्या जागी. शेवटी ट्रॅक्टरचं टोचन. काळ्या मातीत पंप काही करत नाही, वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती जरा सुकेपर्यंत, घरी बसावं लागतं. वडील तेवढंच म्हणाले, "बैलालेही समजते हे."

आता नवीन भानगड. पंप बॅटरीवर चालतो ही बातमी गावात पसरलीय. रविवारी सहा वाजता गाडी काढायला जातो तर फाटकाशी कोणीतरी उभंच. टायरच्या बंडीचं (बैलगाडीचं) चाक, पोराची सायकल, एकदा ट्रॅक्टरचं पुढचं चाक. नाही म्हणता येत नाही, त्यातला एक तर टोचन लावणाराच. मागच्या रविवारी निघायला पावणेआठ झाले.

हजेरीपटात माझ्या रेघा 23. गावाच्या वेगळ्या पानावर मांडतो, एका चाकाची एक रेघ, त्या 61. त्या 10 रुपयांनी धरल्या तर पंपाचे पैसे कुठच्या कुठे लवकर सुटतात. पण पैसे कोणी दिलेले नाहीत, त्यामुळे त्या धराव्यात की नाही हे अजून ठरवलेलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आणखी चार बंड्या येणार आहेत.