टेलिफोनच्या तारेवरील ब्रॉडबँड आणि 'लाइन बूस्टर': माझी झालेली फसवणूक

आमच्या घरी ब्रॉडबँड अजूनही टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच येते आणि त्याचा वेग बरीच वर्षे दोन मेगाबिटच्या आसपास अडकलेला होता. मुलीचा ऑनलाइन वर्ग चालू असताना घरात दुसऱ्या कोणी काही उघडले की शिक्षिकांचे बोलणे तुटायला लागे. त्यामुळे 'तुमच्या लाइनवर आता २४ मेगाबिटपर्यंतची योजना सुरू झाली आहे' असा फोन आला, तेव्हा मी फारशी चौकशी न करता वर्षभराच्या कराराला होकार दिला.

फोन करणाऱ्याच्या बोलण्यातील एक भाग खरा होता आणि त्यामुळेच मी फसलो. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधील यंत्रणा खरोखरच एडीएसएलवरून (टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देण्याचे तंत्र) त्याच्या सुधारित आवृत्तीवर, एडीएसएल२ प्लसवर, नेलेली होती. २००३ साली आलेल्या या मानकात कमाल वेग ८ वरून २४ मेगाबिटपर्यंत जातो, हेही खरे आहे. मात्र हा जादा वेग ११०४ ते २२०८ किलोहर्ट्झ या वरच्या पट्ट्यातून मिळतो, आणि तांब्याच्या तारेत वारंवारता जितकी जास्त तितका सिग्नल लवकर क्षीण होत जातो. एक्स्चेंजपासूनची तार तीन किलोमीटरच्या पुढे गेली की या वरच्या पट्ट्याचा जवळजवळ काहीच उपयोग उरत नाही. आमची तार चार किलोमीटरच्या आसपास आहे. ही गोष्ट विक्रेत्याने मला सांगितली नाही आणि मीही विचारली नाही.

योजना बदलूनही वेग होता तिथेच राहिला. तक्रार केल्यावर एक तंत्रज्ञ घरी आला. त्याने आधी माझ्यादेखत वेग मोजून दाखवला; तो २.१ मेगाबिट भरला. लाइन अशक्त आहे, तिला 'लाइन बूस्टर' लावावा लागेल, असे सांगून त्याने एक छोटी सीलबंद पेटी काढली. ती बसवताना त्याने वरच्या खोलीतील आणि स्वयंपाकघरातील जादा फोनच्या तारा सोडवल्या आणि मोडेम, बाहेरची तार घरात येते त्या पहिल्याच सॉकेटला जोडला. पुन्हा मोजल्यावर वेग ३.२ आला. डोळ्यांसमोर आकडा वाढलेला पाहून मी पेटीचे पैसे रोख दिले. पावती नंतर मिळेल असे तो म्हणाला, ती कधीच मिळाली नाही.

पुढे काही महिन्यांनी भिंतीला रंग देण्यासाठी ती पेटी काढून ठेवली आणि मोडेम थेट सॉकेटला लावला, तरी वेग ३.२ च राहिला. तेव्हा मी पेटी उघडून पाहिली. आत दोन-तीन गुंडाळ्या आणि कपॅसिटर यांपलीकडे काही नव्हते. म्हणजे फोन आणि मोडेम वेगळे करणाऱ्या, मोडेमबरोबर फुकट मिळणाऱ्या साध्या फिल्टरमध्ये असते तेवढेच. विजेची जोडणीही नसलेली अशी वस्तू सिग्नल वाढवू शकत नाही, आणि वाढवला असता तरी त्याच्याबरोबर गोंगाटही तितकाच वाढला असता.

वेग वाढला होता तो जादा तारा सोडवल्यामुळे. घरभर फिरवलेल्या आणि टोकाला मोकळ्या राहिलेल्या तारांतून सिग्नल परावर्तित होतो, शिवाय त्या आसपासच्या विजेच्या उपकरणांचा गोंगाटही ओढून घेतात. एखाद्या जुन्या फोनला फिल्टर लावायचा राहून गेला असेल, तर तेवढ्यानेही जोडणी वारंवार तुटते. हे सारे त्या तंत्रज्ञाला ठाऊक होते, म्हणूनच त्याने 'आधी'चे मोजमाप सगळ्या तारा जोडलेल्या असताना घेतले आणि 'नंतर'चे त्या सोडवल्यावर. ही युक्ती मला सर्वांत जास्त लागली, कारण जे काम पाच मिनिटांत आणि विनाखर्च झाले होते, त्याच्याच परिणामाच्या आधारे माझ्याकडून पैसे घेतले गेले.

कोणी असा सुधारलेला वेग विकायला आले, तर होकार देण्याआधी मोडेमच्या सेटिंगमधील लाइनची माहिती उघडून पाहा. तेथे 'अटेन्युएशन' या नावाने सिग्नल किती क्षीण होतो ते डेसिबलमध्ये दिलेले असते. हा आकडा जितका मोठा तितकी लाइन कमजोर. माझ्याकडे तो ५६ आहे, आणि इतक्या क्षीण लाइनवर तीन मेगाबिटच्या आसपासच वेग मिळतो. पेटी विकणारा आला, तर तारा सोडवलेल्या अवस्थेत, पहिल्याच सॉकेटवर, एकदा पेटीशिवाय आणि एकदा पेटीसह मोजायला लावा. याहून मोठी वाढ हवी असेल तर तांब्याचे अंतरच कमी व्हावे लागते: फायबर रस्त्यावरील कॅबिनेटपर्यंत आणून पुढच्या थोड्या तांब्याच्या तारेवर व्हीडीएसएल२ (कमी अंतरावर जास्त वेग देणारे तंत्र), किंवा थेट घरापर्यंत फायबर. ते काम सेवा पुरवठादाराचे आहे, घरात बसवलेल्या कोणत्याही पेटीचे नाही.

मोडेममधील आकड्यांची छायाचित्रे जोडून मी लेखी तक्रार केली. करारात 'पर्यंत' हा शब्द आहे, असे उत्तर आधी आले. आमची तार इतकी लांब असल्याची नोंद योजना विकण्यापूर्वी तुमच्याकडे होती की नव्हती, हे मी पुन्हा लेखी विचारल्यावर दंड न आकारता जुनी योजना परत मिळाली. पेटीचे पैसे मात्र मिळाले नाहीत. तो तंत्रज्ञ कंत्राटदाराचा होता आणि माझ्याकडे पावती नव्हती.