फाइव्ह गार्डनमधला रविवारचा खेळगट

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांसाठी मुंबईत उपचारकेंद्रे बरीच आहेत, पण मी पाहिलेली बहुतेक केंद्रे एखाद्या इमारतीतील बंद खोलीत, एक मूल आणि एक तज्ज्ञ अशा जोडीने चालतात. तिथे मूल मणी ओवते, चित्रे जुळवते, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते. परंतु दुसऱ्या मुलाजवळ जाऊन ‘मला खेळायला घ्याल का?’ असे विचारण्याची वेळ त्याच्यावर कधी येत नाही, कारण तिथे दुसरे मूलच नसते. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन परिसरात रविवारी सकाळी भरणारा मैदानी खेळगट नेमकी ही उणीव भरून काढतो. माझा सात वर्षांचा नातू गेल्या दिवाळीपासून तिथे जातो आणि त्याला ने-आण करण्याचे काम माझ्याकडे आहे. गट लहान आहे आणि त्यातली मुले कोणाला ओळखू येऊ नयेत, म्हणून चालकांचे नाव मी येथे लिहीत नाही.

गट चालवणाऱ्या दोघींपैकी एक व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहेत आणि दुसऱ्या विशेष शिक्षिका. मुले दोघींनाही ताईच म्हणतात. पहिल्याच भेटीत दोघींनी आपापली नोंदणी न मागता दाखवली, एकीची राज्य परिषदेकडची आणि दुसरीची भारतीय पुनर्वास परिषदेकडची. या क्षेत्रात कोणीही फलक लावून बसतो, त्यामुळे ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. स्वमग्न मुलांच्या बरोबरीने आसपासच्या इमारतींतील चार-पाच मुलेही नियमितपणे खेळायला येतात आणि त्यांना आधी वेगळे बसवून थोडे शिकवलेले असते: उत्तराची वाट पाहा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, तो कान झाकून घेत असेल तर आवाज कमी करा.

खेळ आपलेच आहेत, शिवाशिवी, लंगडी, रुमालपाणी, विषामृत. नियम मात्र विचारपूर्वक बदललेले आहेत. विषामृतात ज्याच्यावर राज्य असते त्याने शिवले की मुलाने जागच्या जागी थांबायचे आणि दुसऱ्या गड्याने ‘अमृत’ म्हणत शिवले की त्याची सुटका होते, हे आपल्याला ठाऊक आहे. सामाजिक कौशल्यांच्या दृष्टीने याहून चांगला खेळ सापडणे कठीण, कारण यात सुटकेसाठी दुसऱ्याची गरज लागते आणि ती गरज त्याला कळवावी लागते. अडचण स्पर्शाची होती. माझ्या नातवाला अनपेक्षित स्पर्श अजिबात सहन होत नाही. त्यावर ताईंनी प्रत्येक मुलाच्या कमरेला सुती कापडाची लांब पट्टी खोचली आणि शिवायचे ते फक्त त्या पट्टीच्या टोकाला असे ठरवले. हा नियम सर्वांना सारखाच असल्यामुळे एकटा तो वेगळा पडला नाही. पहिले काही रविवार तो नुसता थांबून राहत असे. मग एकदा त्याने स्वतःची पट्टी हातात धरून समोरच्या मुलीच्या दिशेने हलवली. तोंडातून शब्द निघाला नाही, पण मागणे स्पष्ट होते आणि ते तिला कळले.

‘टाइमप्लीज’ची सोय तर मुंबईच्या प्रत्येक चाळीतल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली आहे. इथे तिला उपचाराचे साधन केले आहे. गोंगाट असह्य झाला की मुलाने अंगठा वर करून झाडाखालच्या चटईवर जायचे, तिथे कोणीही त्याला प्रश्न विचारायचा नाही आणि परत येण्याची घाई करायची नाही. आरडाओरडा करून किंवा पळून जाऊन जे साधायचे ते आता सर्वमान्य खुणेने साधता येते, आणि माझ्या नातवाने ही खूण शाळेतही वापरायला सुरुवात केली आहे. याउलट लिंबूटिंबू करण्याला ताईंचा ठाम विरोध आहे. मी एकदा शेजारच्या मुलाला ‘त्याला लिंबूटिंबू घ्या’ असे सांगितले, तेव्हा ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आजी, तो बाद झाला तर होऊ दे. बाद होणं, वाट बघणं आणि पुन्हा डावात येणं, हेच तर त्याला शिकायचंय.” मला ते मनापासून पटले.

नातू घरी दिवसभर लोकलमधल्या घोषणा म्हणत असतो. आधीच्या एका केंद्रात ही सवय मोडण्यावर भर होता, त्याच्या जोडीला डोळ्यांत डोळे घालून बोलण्याची सक्ती होती, आणि त्या काळात तो रात्री दचकून उठत असे. येथे त्याच घोषणांचा आगगाडीचा खेळ केला. मुले एकामागे एक रांगेने चालतात, हा पुढे राहून ‘पुढील स्टेशन दादर’ म्हणतो आणि गाडी थांबते. एका मुलाने दादरनंतर थेट शीव पुकारले, तेव्हा नातू मागे वळला, त्याच्याकडे पाहून ‘माटुंगा’ म्हणाला आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिला. पाठ केलेले वाक्य दुसऱ्याशी बोलण्यासाठी वापरताना मी त्याला पाहिले ते त्या सकाळी.

मैदान का, खोली का नाही, याचे उत्तर तिथे बसले की आपोआप मिळते. खोलीत चार मुलांचा आवाज भिंतींवर आदळून दुप्पट होतो. मोकळ्यावर तो विरतो. धावणे, चढणे, झोका यांमुळे अनेक मुलांचे शरीर स्थिरावते आणि मगच त्यांचे लक्ष इतरांकडे जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाला अंतर स्वतः ठरवता येते. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांत नुसते पाहत राहणे आणि शेजारी बसून आपापले खेळणे यांनाही स्थान आहे. कठड्याजवळ उभे राहून तासभर पाहणारे मूल या गटात वाया गेलेले धरत नाहीत. शेजारच्या मुलांना शिकवण्यामागेही विचार आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की परस्परांना न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. मग शिकण्याचा भार एकाच बाजूवर का टाकावा?

आता उणिवा. फाइव्ह गार्डनच्या बागांमधून रस्ते जातात, आणि अचानक धावत सुटणाऱ्या मुलासाठी हा खरा धोका आहे. फाटकाशी एक स्वयंसेवक उभा असतो, पण तो कधी कधी खेळात गुंततो. तिथे कायम एक माणूस हवाच. पावसाळ्याचे चार महिने गट जवळजवळ बंद असतो. जूनपर्यंत बसलेली घडी सप्टेंबरपर्यंत विस्कटते, आणि ठरलेल्या क्रमावर जगणाऱ्या मुलांना हा खंड फार जड जातो. एखाद्या शाळेचे छप्पर असलेले पटांगण भाड्याने घेणे अशक्य नसावे. मुलांसाठी जवळ स्वच्छतागृहाची सोय नाही. दहा वर्षांवरील मुलांना हे खेळ पोरकट वाटतात आणि त्यांच्यासाठी वेगळी आखणी झालेली नाही. पालकांशी बोलणे शेवटी घाईघाईने उरकले जाते, त्यामुळे तेच खेळ आपल्या सोसायटीच्या आवारात कसे घ्यायचे हे आम्ही आपापसांत विचारून शिकलो.

शुल्क खोलीतल्या एका सत्राहून कमी आहे आणि रीतसर पावती मिळते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो आणि त्यात नियमित उपचारांचा खर्चही ठरावीक मर्यादेत धरला जातो, म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात. मूल बरे होईल असे आश्वासन येथे कोणी देत नाही, आणि वाचेचे किंवा इतर उपचार बंद करा असेही सांगत नाही. जाणार असाल तर आदल्या आठवड्यात एकदा मुलाला नुसती बाग दाखवून आणा, कशानंतर काय होणार हे चित्रांनी दाखवणारी पट्टी ताईंकडून मागून घेऊन ती घरी भिंतीला लावा, आणि शक्यतो ऑक्टोबरनंतर सुरुवात करा, म्हणजे पाऊस येईपर्यंत सलग काही महिने मिळतील.