सेकंडहँड एअर पिस्तूल घेताय? पैसे द्यायच्या आधी सिलिंडरवरची तारीख बघा

इंदूर, महू, देवास, जवळपासच्या ज्या कोणाला पहिलं पिस्तूल घ्यायचंय त्यांनी हे पूर्ण वाचा प्लीज, थोडं लांब झालंय पण माझे 72 हजार गेलेत आणि पैशांपेक्षा जास्त राग मला या गोष्टीचा आहे की ती वस्तू मी पंधरा दिवस माझ्या तोंडासमोर धरून चालवत होते.

मी सुदामा नगरला राहते, पीथमपूरला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. नेमबाजी चालू केली 2024 च्या ऑगस्टमध्ये, पॅरिस ऑलिंपिकनंतर. मनू भाकरची दोन ब्राँझ, त्यातलं एक सरबजोत सिंगबरोबरचं, आणि वर आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं रायफलमधलं ब्राँझ, त्या आठवड्यात आमच्या घरी टीव्ही बंदच झाला नाही. मग घराजवळची एक रेंज शोधली आणि नाव घातलं. तिथे क्लबचं एक पिस्तूल चौघींत फिरायचं, प्रत्येकीच्या हाताला मूठ वेगळी लागते, म्हणजे रोज आधीची पंधरा मिनिटं पकड बसवण्यातच जायची. मनात आलं आता आपलं स्वतःचं हवं.

दुसरं कारण पण सांगते कारण फसवणूक तिथूनच झाली. मला वस्तू उघडायला आवडतात. बाबा हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, 1991 ला मिल बंद पडली आणि मग घरीच शिलाई मशिनी, भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायला लागले, मी त्यांच्या बाजूला बसून मोठी झाले. आमच्या घरात बंद पडलेली वस्तू कोणी फेकत नाही. तर पिस्तूल असं हवं होतं की स्वस्तात मिळेल, नेम पण शिकता येईल आणि हळूहळू उघडून समजून घेता येईल.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण बोलतोय ते 4.5 मिमी म्हणजे .177 इंचाचं एअर पिस्तूल, 20 ज्यूलच्या आतलं, त्याला लायसन्स लागत नाही. मॅचचं पिस्तूल तर साधारण 6 ज्यूलचंच असतं, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 150 मीटरच्या आसपास. तीनचार हजारात जी स्प्रिंगवाली मिळतात ना, नळी मोडून लोड करायची, त्यात छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनचा धक्का हाताला बसतो, आणि 10 मीटरवर एका हाताने मारायचं असताना तो धक्का सांभाळण्यातच शिकणं राहून जातं. 12 ग्रॅमच्या सीओटूच्या कुप्यांवर चालणारी पण असतात पण त्या गॅसचा दाब तापमानावर चालतो, आपल्याकडे जानेवारीत सकाळी आणि मे महिन्यात दुपारी तेच पिस्तूल दोन वेगळ्या पिस्तुलांसारखं वागतं. राहिली दोन. एक, जुन्या रशियन बैकल आयझेडएच-46 सारखं, ज्यात प्रत्येक शॉटला लिव्हर एकदा ओढून हवा भरायची, हात दुखतो पण सिलिंडरची भानगडच नाही. आणि दुसरं, पुढे हवेचा सिलिंडर असलेलं, म्हणजे स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ वगैरे, नवीन घ्यायचं तर दीडदोन लाखाच्या पुढेच. म्हणून आपल्यासारखे लोक सेकंडहँड शोधतात आणि हे फसवणाऱ्यांना बरोबर माहीत असतं.

नेमबाजांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. निळ्या चौकटीच्या चादरीवर ठेवलेलं पिस्तूल, कंपनीची पेटी, छर्रे, फॅक्टरीचं टेस्ट टार्गेट म्हणजे कंपनीने तपासताना त्या पिस्तुलाने मारलेला कागद. पिस्तूल कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही, कंपनीचा यात काही दोष नाही. फोन केला तर समोरचा मराठीत बोलायला लागला, आजोळ देवासचं, रामबागेत लहानपण गेलं, खांद्याचं ऑपरेशन झालं म्हणून खेळ सोडतोय. तुम्हाला सांगते, इंदूरमध्ये दिवसभर हिंदीत व्यवहार करून कोणी असं घरातल्यासारखं मराठी बोललं की आपण अर्धे तिथेच विरघळतो. पाच मिनिटांत मी त्याला सगळं सांगून बसले होते, बाबा फिटर, मी घड्याळं खोलते, बजेट 70 च्या आसपास. तो लगेच म्हणाला, "मग ताई हे तुमच्यासाठीच आहे बघा. दुसऱ्या कोणाला मी देणार पण नाही, ते नुसते वापरणारे असतात. याला बारीकसारीक काम आहे, तुम्हाला तर मजाच येईल." 95 वरून भाव 72 वर आला. मला वाटलं काम आहे म्हणून स्वस्त आहे. त्याने काम आहे हे आधीच सांगून टाकलं म्हणून तर माझा विश्वास बसला, खोटं बोलणारा माणूस वस्तूची खोट स्वतःहून कशाला सांगेल.

रिंग रोडजवळ एका फ्लॅटवर गेले, सामान फारसं नव्हतं, म्हणाला शिफ्ट करतोय. सिलिंडरच्या तोंडावरच्या मीटरचा काटा 200 बारवर. हॉलमधून गॅलरीतल्या पेटीवर मी पाच छर्रे मारले, अंतर सहा मीटर असेल जेमतेम, पाचही एकमेकांना चिकटून. ट्रिगर इतका हलका की बोट लावायचा अवकाश. "मी स्वतः ट्यून केलाय, लोण्यासारखा आहे ना?" मी हो म्हटलं. टेस्ट टार्गेटवर छर्र्यांचं एकच भोक, ते पण बघितलं. बावन हजार कॅश, वीस यूपीआयने त्याच्या कोण्या मेव्हण्याच्या नंबरवर. पावतीचं विचारलं तर म्हणाला घरातल्या घरात कसली पावती ताई.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा 120 वर. फोन लावला तर लगेच उचलला, अजिबात टाळाटाळ नाही. "ओ-रिंग असेल ताई, वीस रुपयांची, तुम्ही तर डोळे मिटून बदलाल." फोनवरच म्हणाला, लिहून नाही दिलं, हे लक्षात ठेवा पुढे लागणार आहे. मी खरंच सियागंजमधून त्या रबराच्या रिंगा आणल्या, हवा पूर्ण सोडून सिलिंडर काढला, सिलिंडर आणि पिस्तुलाच्या मधली रिंग बदलली. गळती कमी झाली. इतका आनंद झाला मला की मी रिंगचा फोटो बाबांना दाखवत बसले.

पंधरा दिवसांनी रेंजवर सर सगळ्यांची पिस्तुलं तपासत होते, एका मॅचला जायचं होतं म्हणून. माझा सिलिंडर हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "इसकी डेट कहाँ है?"

मला माहीतच नव्हतं की तारीख असते. या सिलिंडरवर बनवल्याचं वर्ष आणि महिना कोरलेला असतो, कंपन्या साधारण 10 वर्षांची मुदत देतात आणि मॅचला मुदतीच्या आतलाच सिलिंडर असावा ही खेळणाऱ्याची स्वतःची जबाबदारी असते. माझ्या सिलिंडरवर कुठेच काही नाही, छान काळा मॅट रंग. सर म्हणाले हे आज वापरू नको.

घरी आणून बाबांसमोर ठेवलं. त्यांनी आधी पिस्तूल बघितलं, मग सिलिंडर, आणि पहिला प्रश्न हाच, "सगळं पिस्तूल घासलेलं आणि हा एकटा नवा कसा गं?" पंधरा दिवस मी ती वस्तू हाताळत होते आणि हे मला दिसलं नाही, मी जी दिवसभर कंपनीत रंगाचे डिफेक्ट शोधते. भिंगाखाली धरलं तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा, तो पावडर कोटिंगचा असतो, आमच्याकडे रोज बघते. बाबांनी कापसाला थिनर लावून चोळलं तर रंग जाईना, मग ब्लेडने हळूहळू खरवडला, खाली लांबी म्हणजे पुट्टी भरलेली. लांबी निघाली तसा एक आकडा दिसायला लागला, मग दुसरा. 2009.

नुसता जुना असता तर पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण सिलिंडर ॲल्युमिनियमचा होता, आणि पावडर कोटिंग भट्टीत 180-200 डिग्रीला भाजतात, तेवढ्या उष्णतेने ॲल्युमिनियमची ताकद कमी होऊ शकते, म्हणून हवेच्या सिलिंडरला असलं कोटिंग करायचंच नसतं. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते हो, यात 200 बार. पंधरा वर्षांचा, भट्टीत भाजलेला सिलिंडर, आणि कोणीतरी तो तारीख लपवायला मुद्दाम भाजून आणला होता. बाबा काही बोलले नाहीत, तसेच उठले आणि हवा सोडलेली आहे ना हे दोनदा तपासलं.

मग एकेक निघत गेलं. नियमाप्रमाणे 10 मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी 500 ग्रॅमचा लागतो, पिस्तूल कॉक करून (म्हणजे सुटायला तयार करून) नळी वर धरायची आणि ट्रिगरला वजन अडकवून उचलायचं, वजन उचललं गेलं पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. बाजूच्या किराणावाल्या काकांकडून अर्ध्या किलोचं माप आणलं, सुतळीने बांधलं, पिस्तुलात ना हवा ना छर्रा. माप जमिनीवरून उचललं पण गेलं नाही आणि टक् करून सुटला. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदा तसंच. स्क्रूने वाढवून बघितलं, वाढेना. आतली अडकण्याची धार कोणीतरी कानशीने घासून ठेवली होती, तेच ते लोणी. असा ट्रिगर हातात नुसता हलवतानाही सुटू शकतो, तेव्हा समोर कोण उभं असेल काय सांगावं.

टेस्ट टार्गेटवर पिस्तुलाचा सीरियल नंबर लिहिलेला असतो. पिस्तुलाचा नंबर आणि कागदावरचा नंबर मी पहिल्यांदा त्या रात्री शेजारी ठेवून वाचले. वेगळे. म्हणजे कागद भलत्याच पिस्तुलाचा. माझ्या नळीतून सरांनी 10 मीटरवर क्लबचा चांगला सिलिंडर लावून, रेस्टवर ठेवून मारून बघितलं, दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं असतं आणि छर्रे आठच्या वर्तुळापर्यंत पसरत होते. सहा मीटरवर पाच छर्रे चिकटून येणं हे काही सिद्ध करत नाही, हे आता कळतंय.

त्याला फोन केला. मी शांतपणे सगळं सांगितलं, तारखेचं, कोटिंगचं. तो पण शांतच होता. "तुम्ही उघडलंत ना ताई? रिंग बदललीत ना? मग आता आत काय केलंत ते मला काय माहीत." मी म्हटलं तुम्हीच सांगितलंत बदलायला. "मी? कधी?" त्याच दिवशी नंबर ब्लॉक. फ्लॅटवर गेले तर कुलूप, वॉचमन म्हणाला भाड्याचा होता, महिन्याचा. पोलिसात लेखी अर्ज दिलाय, पण ना पावती, ना त्याच्या नावावर पैसे, आणि वस्तू मी स्वतः खोललेली. अर्ज पडून आहे.

मी बरेच दिवस याच्यावर विचार केला. त्याने मला चांगलं पिस्तूल म्हणून विकलंच नाही, दुरुस्तीचं म्हणून विकलं. ज्याला खोलायची आवड आहे तो प्रत्येक खोट बघून मनात म्हणतो हे मी करेन, आणि भाव कमी करून घेतल्यावर भांडायची सोयच राहत नाही, आणि एकदा पेचकस लावला की सगळा दोष आपल्यावर. तेव्हा माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिलं पिस्तूल आणि खोलायचं पिस्तूल एक घेऊ नका. खोलायला हवंच असेल तर दोनतीन हजाराचं बंद पडलेलं स्प्रिंगवालं घ्या, मुठीला लांबी लावा, घासा, हाताला बसवा, ते करण्यात खूप मजा आहे आणि कोणाला धोका नाही. सिलिंडर, ट्रिगरची धार, व्हॉल्व्ह यांना हात लावू नका. शिकायला सहा महिने क्लबचंच वापरा, मग देशी बनावटीचं नवीन बिलासकट किंवा लिव्हर ओढायचं जुनं. सिलिंडरचं सेकंडहँड घ्यायचंच असेल तर रेंजवर, आपल्या सरांसमोर, पूर्ण 10 मीटरवर, रात्रभर काटा लिहून ठेवून, आणि नवीन सिलिंडर कितीला पडेल ते आधी विचारून, मला 24 हजार सांगितले. पावतीवर सीरियल नंबर हवाच, कारण उद्या ते कुठल्या क्लबमधून चोरीला गेलेलं निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

अजून एक, आमच्या रेंजवरच्या एका मुलाला वेगळ्या माणसाने महूला पोस्टिंगवर असलेला फौजी आहे, बदली झाली म्हणून विकतोय असं सांगून क्यूआर पाठवला आणि "पैसे परत घ्यायला" पिन टाकायला लावला. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. असं झालं तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि कोणी तुम्हाला छर्रेवाल्याच्या ऐवजी "असली वाला, बिना लायसन्स" म्हणाला तर तिथून निघूनच या, आर्म्स ॲक्टच्या कलम 25 मध्ये सरळ जेल आहे.

मागच्या आठवड्यात त्याच ग्रुपवर वेगळ्या नंबरवरून फोटो आला. दुसरं पिस्तूल, चादर तीच, निळ्या चौकटीची, खाली लिहिलंय फक्त ओ-रिंगचं काम आहे. देवासच्या एका मुलाने तिथे विचारलं होतं की कसं आहे, त्याला मी फोन केला, पाच हजार टोकन आधीच देऊन बसला होता बिचारा. म्हटलं बाकीचे देऊ नकोस, आधी सिलिंडरच्या तारखेचा फोटो माग. अर्ध्या तासाने त्याने तो फोटो मला पाठवला. सिलिंडर हातात धरून काढलेला, आणि जिथे तारीख असते बरोबर तिथे अंगठा.